बिननावाचं पुस्तक

आमच्या पुस्तकावर कोणाचंच नाव नव्हतं. लिहिणाऱ्याचं नाही, टाइप करणारीचं नाही, छापखान्याचं तर नाहीच, कारण ते कधी छापलंच गेलं नाही. पहिल्या पानावर फक्त ‘सेंद्रिय रसायन, सोप्या मराठीत’ एवढं आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘ज्याला हवं त्याने घ्यावं’. या खालच्या ओळीचा सरांना भारी अभिमान होता. मला ती पहिल्या दिवसापासून खटकत होती. तसं मी बोललेही, पण सरांना काही पटवून देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

सर म्हणजे बी.एस्सी.ला मला रसायनशास्त्र शिकवणारे माझे गुरुजी. निवृत्त होऊन वर्ध्याजवळ सिंदी मेघेला घर बांधून राहिलेले. मी तिथून जवळच राहते आणि एसटीने आर्वीला जाऊन एका कॉलेजात तोच विषय शिकवते, तासिका तत्त्वावर. हे तत्त्व ज्यांना ठाऊक नाही ते सुखी आहेत. तास झाला तर मानधन, सुट्टीत ठणठण गोपाळ, आणि दरवर्षी जूनमध्ये पुन्हा नव्याने मुलाखत, जणू गेल्या वर्षी त्याच फळ्यासमोर दुसरीच कोणी बाई उभी होती.

माझ्या वर्गात येणारी मुलं बारावीपर्यंत मराठीत विचार करतात आणि कॉलेजात आल्याबरोबर त्यांच्यावर इंग्रजी पुस्तक आदळतं. मग ती विचार करणंच सोडून देतात. रट्टा मारतात. परीक्षेत आख्खं पान जसंच्या तसं उतरवतात आणि त्यातला एक बाण उलटा करून विचारलं की डोळे खाली. लायब्ररीत एक चांगलं पुस्तक आहे, जाडजूड, रंगीत चित्रांचं. ते काचेच्या कपाटात असतं. संदर्भग्रंथ आहे, घरी मिळत नाही, आणि तिथं बसून वाचायचं तर कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते नेमके जेवायला गेलेले. पुस्तक फाटू नये म्हणून ते कोणाला द्यायचंच नाही, हे आमच्याकडचं जुनं शास्त्र आहे.

पण सरांनी लिहायला घेतलं ते या मुलांमुळे नाही, एका कुलपामुळे. तरुणपणी त्यांनी आपल्याच भागातल्या हळदीवर काम केलं होतं. शेतकऱ्यांच्या ओसरीत बसून, गोणीतून मूठ मूठ हळद मागून आणून. त्यावरचा त्यांचा निबंध परदेशातल्या एका मोठ्या नियतकालिकात आला होता. सरांकडची प्रत वाळवीने खाल्ली. एकदा मी त्यांना कौतुकाने फोनवर तो निबंध शोधून दाखवला. शीर्षक आलं, सरांचं नाव आलं, पहिल्या चार ओळी आल्या आणि पुढे कुलपाचं चित्र. पुढचं वाचायचं असेल तर डॉलर भरा.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “माह्याच लेखाले कुलूप?” म्हणाले आणि खूप हसले. हसता हसता थांबले. “हळद त्या लोकायची, पगार सरकारनं देल्ला, म्हणजे लोकायनंच देल्ला. अन् त्या लोकायच्या पोराले वाचाचं असन तं वाचता येत नाई. हे बरं नाई झालं.”

पुढच्या रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, आपण पुस्तक लिहितो आहोत, कुलूप नसलेलं. ‘आपण’ म्हणजे ते सांगणार आणि मी टाइप करणार. मला वाटलं होतं दोन-तीन महिन्यांचं काम असेल. ते काम कित्येक वर्षं पुरलं.

सरांची लिहायची रीत न्यारी होती. जुन्या, रद्दीत जाणाऱ्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने लिहायचे. आठवड्याचं लिहून झालं की रविवारी सकाळी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाचून दाखवायचे. काकूंचं शिक्षण सातवीपर्यंत. त्या भाजी निवडत ऐकायच्या. जिथे त्या “थांबा” म्हणतील तिथे सर थांबत आणि तो परिच्छेद पुन्हा लिहीत. काकूंना रसायनशास्त्र समजलं पाहिजे असा काही हट्ट नव्हता. वाक्य कुठे अडतंय एवढंच त्यांनी सांगायचं, आणि ते त्या बिनचूक नाही पण बिनधास्त सांगायच्या. कधी कधी नुसत्या कंटाळ्यानेही “थांबा” म्हणायच्या. मग चहा व्हायचा.

बेंझिनचा धडा आठवतो. सहा कार्बनचं कडं आणि त्या सहांमध्ये फिरणारे इलेक्ट्रॉन, जे कोणा एकाचे नसतात. मुलांना इथे हमखास घाम फुटतो. सरांनी ते तीन-चार प्रकारे लिहून पाहिलं आणि काकू दर वेळी थांबा म्हणाल्या. शेवटी काकूंनीच वैतागून विचारलं, “कोणाचेच नाई तं मंग ते जेवते कोणाच्या घरी?”

सर एकदम ताठ बसले. आणि त्यांनी लिहिलं: गावात जावई आला. भावकीची सहा घरं. सहाही घरी चहा होतो, सहाही घरं म्हणतात जावई आमचा, पण मुक्काम कोणत्याच एका घरी नाही. म्हणून त्या सहा घरांतला जिव्हाळा कुठे जास्त नि कुठे कमी असा राहत नाही, सारखा असतो. आता हे शास्त्राच्या काट्यावर तोलायला गेलं तर काही ठिकाणी झुकेल, हे सरांनाही ठाऊक होतं. तशी एक टीपही त्यांनी खाली टाकली. पण दुसऱ्या दिवशी मी तो जावई वर्गात नेला आणि मागच्या बाकावरची मुलं पहिल्यांदा हसली. रसायनशास्त्रात हसली. माझ्या अख्ख्या नोकरीत असा तास झाला नव्हता.

पुस्तक पूर्ण झालं तेव्हा नावावरून वाद झाला. मी म्हणाले, सर, निदान तुमचं नाव घालू या. ‘विनामूल्य वाटावं, पण नाव काढू नये’ असं लिहिता येतं, लोक तसं लिहितात.

“काऊन?” सर म्हणाले. लहानपणी ते एका आश्रमशाळेत वाढलेले. तिथे सगळे मिळून सूत कातायचे आणि त्याच्या गुंड्या, म्हणजे लड्या, करायचे. “सुताच्या गुंडीवर कोणाचं नाव राह्यते काय? कातलं, गुंडी केली, ढिगात टाकली. धोतर विणून कोणी नेसलं, आपल्याले काय करायचं? नेकी कर, दरिया में डाल.”

“सर, दरियात जाळं लावून बसलेलेही असतात,” मी म्हणाले.

तेवढ्यात काकू आतून बोलल्या, “यायले सांगून फायदा नाई, बाई. लग्नातल्या भांड्यायवर नाव टाकू नाई देल्लं यायनं. म्हणे भांडे भांडेच आहे. मंग ज्याच्या घरी कार्यक्रम, त्याच्या घरी आमचे गंज-पातेले. अर्धे अजून गावातच आहेत.”

आम्ही तिघंही हसलो आणि पुस्तक बिननावाचं राहिलं. पेन्सिलीने लिहिलेले गठ्ठेच्या गठ्ठे सरांनी हातकागद करणाऱ्या एका केंद्राला देऊन टाकले, लगदा करायला. कागद वाया जाऊ नये म्हणून. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, अगदी सहज, दळण टाकून आलो म्हणावं तसं.

इंटरनेटवर पुस्तकं ठेवता येतात अशा एका ठिकाणी मी ते चढवलं. कोणीही उघडावं, कोणीही उतरवून घ्यावं. त्यानंतरचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही, आणि आता वाटतं, विसरता आले असते तर बरं झालं असतं. कुठून कुठून माणसं लिहायची. गडचिरोलीकडचा एक शिक्षक, नांदेडकडची एक मुलगी, कुठल्या तरी गावातून लग्नानंतर पुन्हा शिकायला लागलेली एक बाई. तिने लिहिलं होतं, बाळ झोपलं की एक धडा वाचते. सर ते मला पुन्हा पुन्हा वाचायला लावायचे आणि मग म्हणायचे, “बरं, पुढं?” जणू त्यांना काहीच वाटलं नाही.

आणि माझ्या वर्गात ती होती. आर्वीच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या गावातली. तिच्या घरी आजी गोंडी बोलायची, आईबाप मराठी, आणि कॉलेजात ही इंग्रजी. गावात फोनला रेंज नाही, म्हणून आर्वी डेपोत गाडीची वाट पाहताना तिने आमचं पुस्तक फोनमध्ये उतरवून घेतलं होतं आणि येता-जाता बसमध्ये वाचायची. पहिल्या वर्षी नापास होता होता राहिलेली ही पोर दुसऱ्या वर्षी मधल्या सुट्टीत इतरांना फळ्यावर बाण काढून समजावायला लागली. एम.एस्सी. करायचं म्हणायची. “मॅडम, हे कोणं लिवलं?” तिने मला एकदा विचारलं. नाव कोणाला सांगायचं नाही अशी सरांची शपथ होती. मी म्हणाले, आहेत आपल्याकडचेच कोणी.

मग एके दिवशी तिच्या शेजारच्या मुलाच्या बाकावर मला एक चकचकीत गाइड दिसलं. नवंकोरं, वर कोण्या डॉक्टरेटवाल्या लेखकाचं नाव, आत प्रकाशकाची दमदाटी: यातला कोणताही भाग कोणत्याही प्रकारे वापरल्यास कायदेशीर कारवाई. मी सहज पान उलटलं. गावात जावई आला होता. भावकीची तीच सहा घरं होती. खालची टीप तेवढी गाळली होती, बाकी काकूंच्या सगळ्या ‘थांबा’सकट पुस्तक आमचंच होतं.

मला आधी हसूच आलं. मग अंगाचा तिळपापड झाला. संध्याकाळी ते गाइड घेऊन मी थेट सरांकडे गेले. सरांनी पानं चाळली, कागदावरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा खुलला. “छापलं काय कोणी? चित्रं चांगले काढले. चल, ज्याच्यापाशी फोन नाई त्याले कामी येईन.”

मी म्हणाले, ठीक आहे, त्यांचं विकत, आपलं फुकट, ज्याला जे परवडेल ते. तिथेच ते थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

थोड्याच दिवसांत इंटरनेटवरचं आमचं पान उघडेना. तिथे इंग्रजीत दोन ओळी होत्या: हक्कधारकाच्या तक्रारीवरून हे पुस्तक काढून टाकण्यात आलं आहे. हक्कधारक म्हणजे तो गाइडवाला. चोराच्या उलट्या बोंबा ही म्हण आपण शाळेत शिकतो, वाक्यात उपयोग करून दाखवतो, पण ती अशी इंग्रजीत लिहून येईल असं वाटलं नव्हतं. मी लगेच हरकत नोंदवली. उत्तर यंत्राने दिलं असावं, इतकं सभ्य होतं. लेखकाचं नाव काय, ते पुस्तकावर कुठे आहे, मालकी सिद्ध करा. मी दुसऱ्या ठिकाणी पुस्तक चढवलं. तिथूनही उतरवलं आणि माझं खातंच बंद केलं. त्या बाळवाल्या बाईचा निरोप आला होता, ताई, पुस्तक दिसत नाही, माझे अजून तीन धडे राहिले आहेत. मी तिला काही उत्तर देण्याआधीच तोही रस्ता बंद झाला.

छापलं याचा आनंद सरांनी मनापासून केला होता. त्यांचं फुकटचं पुस्तक कोणी बंद करू शकतो हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. त्यांनी सगळी कुलपं टाळली होती, पण दार दुसराच कोणी लावून घेईल हे त्यांना सुचलं नव्हतं. ते मला विचारायचे, “पण फुकट देणाऱ्याले कोण मना करू शकते?” करू शकतात, सर. केलं आहे.

वर्ध्यात सरांचा एक विद्यार्थी वकिली करतो. त्याच्याकडे गेलो. त्याने खुर्ची पुसून सरांना बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. माझ्या संगणकातल्या जुन्या फाइली कामी येतील म्हणाला. काकूंनाही साक्षीला उभं करू म्हणाला. वेळ लागेल, पण जमेल. फक्त एक हवं. “सर, तुमी एवढंच लिहून द्या, हे पुस्तक माझं आहे. बाकी मी पाह्यतो.”

“लिवलं म्या, हे खरं,” सर म्हणाले. “माझं आहे, हे खोटं. ते तं म्या देऊन टाकलं ना, राजा.”

“सर, तुमी मोकळं सोडलं, हे सांगाले तरी ते आधी तुमचं असाव लागते. कोर्टात माझं म्हणणारा माणूस लागते. नाई तं जो म्हणते, त्याचं.”

सर म्हणाले, “त्याच्यावर म्या लिवून ठेवलं आहे, ज्याला हवं त्याने घ्यावं. त्याले हवं होतं, त्यानं घेतलं. आता माझं म्हणून कोर्टात उभा राहू काय?” आणि उठले.

देवमाणसाचा राग येणं फार वाईट. शिव्याही देता येत नाहीत. परतताना स्कूटीवर सर मागे बसले होते आणि मी आरशात न बघता, समोर रस्त्याकडे तोंड करून, जे मनात येईल ते बोलत होते. तुमचं तत्त्व तुमच्यापाशी ठेवा, सर. तुमच्या तत्त्वापायी त्या पोरांच्या हातातलं पुस्तक गेलं. तुम्हाला एक शब्द बोलायचा होता, ‘माझं’. दोन वर्षांचं लेकरू तो बोलतं. तुमच्याने बोलवला नाही. घरी उतरल्यावर सर एवढंच म्हणाले, “तू येजो रविवारी.” मी गेले रविवारी. काकूंनी भाजी निवडायला घेतली होती, पण वाचायला काही नव्हतं. आम्ही तिघांनी चहा घेतला आणि मी परत आले. तेव्हापासून असंच चाललं आहे.

मुलांच्या फोनमध्ये पुस्तक होतंच. ते एकमेकांना पाठवत, मागची बॅच पुढच्या बॅचला देई. चला, म्हटलं, तेवढं तरी राहिलं. मनाची समजूत कशाने तरी घालावीच लागते.

या वर्षी त्या गाइडचा विक्रेता कॉलेजात येऊन गेला. नंतर प्राचार्यांनी मला बोलावलं. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी सूचनेचा कागद पुढे सरकवला: अनधिकृत प्रती बाळगणाऱ्या विद्यार्थ्यांवर कारवाई होईल, प्रत असल्यास तत्काळ नष्ट करावी. “मॅडम, तुमच्या वर्गातूनच हे पसरलं म्हणतात. तुम्हीच वाचून दाखवलेलं बरं. जूनच्या मुलाखतीला उगीच कोणी विषय काढायला नको.” मी त्यांना म्हणाले, सर, ते पुस्तक कोणाचं आहे तुम्हाला माहीत आहे का? ते म्हणाले, त्यावर नाव तर नाही ना, मॅडम.

मी वर्गात गेले. सूचना मराठीत होती, मुलांना नीट कळेल अशी. मी ती बातम्या वाचतात तशी वाचली. कारवाई या शब्दाशी मुलांची तोंडं पांढरी पडली. ही खेड्यांतली मुलं आहेत. शिपाई ओरडला तरी चप्पल काढून उभी राहतात.

ती जंगलाकडच्या गावातली पोर, आता तिसऱ्या वर्षाला, पहिल्या बाकावर होती. उभी राहून तिने विचारलं, “मॅडम, ते पुस्तक चोरीचं होतं काय?”

“नाही,” मी म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले.

“मंग काऊन काढाव लागते?”

दारात प्राचार्य उभे होते. शेजारच्या प्रयोगशाळेत कोणाची तरी प्रात्यक्षिकं चालू होती. “नियम आहे,” मी म्हणाले.

तिने मान डोलावली. सगळ्यांनी फोन काढले. कोणी कोणाला कसं काढायचं ते दाखवत होतं. जावयाचं पान, हळदीच्या डागाचं पान, साबणाचं पान, बोटाखाली एकेक फोनमधून जात होतं. कोणी लपवून ठेवेल, एखादा तरी वांड निघेल, म्हणून मी मागच्या बाकांपर्यंत बघत राहिले. कोणी निघालं नाही. मीच त्यांना शिकवलं होतं, सांगितलं तेवढं नीट करायचं.

ती पुढे आली आणि फोन माझ्यासमोर धरला. “पाहा, मॅडम. पुरं काढलं. आता काहीच नाई.”

मी पाहिलं. खरंच काही नव्हतं. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, “शाबास.”